तिरवेसायबाची पत्रं

जिनाच्या रजिस्टरात त्याचं नाव उगो त्रेवेस,
आमच्या गावात तिरवेसायब.
इटलीतल्या मांतोव्हाहून आला होता, गाठी बांधायची प्रेस बसवायला,
आणि बसवून झाल्यावरही राहिला,
कारण ती दर पंधरा दिवसांनी रुसायची
अन् तिची समजूत काढणं दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.

माझा बाप, डोमा वासनिक, तिला तेलपाणी करायचा.
दुपारच्या सुट्टीत सायब त्याला बहिणीची पत्रं वाचून दाखवायचा,
अर्धी वऱ्हाडीत, अर्धी हातवाऱ्यांनी.
मॅनेजरनं कधी विचारलं नव्हतं. बापानं विचारलं होतं,
बाई बरी हाय ना?

पहिल्या पत्रात नुसती मोजणी होती.
कारकून दारात आला, टोपी काढून बोलला,
घरात यहुदी किती ते विचारून, लिहून, आभार मानून गेला.
इदानं त्याला सरबत दिलं.
मोजता कायले? बाप म्हणाला.
सायब हसला. सरकारं मोजतातच, म्हणाला.

पोळा झाल्यावरच्या पत्रात तिची शाळा सुटली.
सोळा वर्षं भूगोल शिकवला होता तिनं.
हेडमास्तर गॅलरीतून बघत उभा होता,
त्यानं हात हलवला की नाही, आठवत नाही,
एवढंच दोनदा लिहिलं होतं.
मग स्वयंपाकाची बाई गेली, ख्रिस्ती बाईनं यांच्या घरी राबायचं नाही.
मग रेडिओ.
मग टेलिफोनच्या पुस्तकातून नाव.
मग आई वारली, तर पेपरवाला
मेल्याची बातमीसुद्धा छापेना.
हरेक हुकमावर तारीख, शिक्का, खाली सही.
कुणी दगड मारत नाही, इदा लिहायची,
सगळे शिस्तीत आहेत.

बापाला प्रेस ठाऊक होती.
प्रेस एकदम दाबत नाही.
माणसं आत उतरून रुई तुडवतात, मग एक फेरा,
थांबतात, पुन्हा भरतात, पुन्हा फेरा.
आत हवा आहे तोवर रुई मागं सरते,
बघणाऱ्याला वाटतं, अजून जागा आहे.

एका दुपारी तो म्हणाला,
सायब, येगळी विहीर, येगळी पंगत, पोराले शाळेच्या भाईर बसवनं,
हे तं आमच्या इथं पहिलेपासूनच हाय.
कागद नाही लागत.
सायब बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, आमच्याकडंही होतं.
म्हाताऱ्यांच्या म्हाताऱ्यांना मोहल्ल्याला फाटक होतं,
रात्री बाहेरून कुलूप.
ते काढलं तेव्हा वाटलं, जाळलं असेल.
ठेवलं होतं कुठंतरी.
त्या दिवशी तो बापाच्या गडव्यातलं पाणी प्यायला
अन् मॅनेजरनं दोघांनाही पाहिलं.

चाळीस सालच्या जूनमध्ये इटली लढाईत उतरली.
पुलगावहून पोलिसांची मोटार आली.
फौजदारानं वाचलं: इटालियन, शत्रूचा माणूस.
सायबानं पेटीतून दुसरा कागद काढला,
त्याच इटलीचा,
हा आमच्या वंशाचा नाही म्हणणारा.
फौजदारानं दोन्ही शेजारी ठेवले, नीट पाहिले.
शिक्के दोन्हीवरचे खरे होते.
मग आपला उचलला.

जाताना सायबानं बापाजवळ पाकीट दिलं,
लढाई संपली की टाक.
देहरादूनच्या छावणीतून त्याचं एक कार्ड आलं,
पुढं तेही नाही.
पाकीट तेलाच्या कपाटात पाच वर्षं राहिलं.
कोपरे पिवळे झाले, पत्ता काळाच.
रहीमखाँ पोस्टमननं आपल्या पैशानं तिकिटं लावली.

आठ महिन्यांनी ते परत आलं.
नागपूरच्या एका पाद्र्यानं त्यावरचा शिक्का वाचून दिला:
पत्ता न ठेवता निघून गेली.

बाप मरेपर्यंत त्या वाक्याशी भांडला.
भूगोलाची मास्तरीण, म्हणायचा,
पत्ता ठेवल्याबिगर
जाईन कशी?